मैदानापर्यंतची वाट

दहावीपर्यंत मी खो-खो खेळत होते. कॉलेजात आले तेव्हा सराव सायंकाळी पाचला सुरू होई आणि आमच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटे. महिन्याभरातच माझा खेळ सुटला. त्यामुळे ‘खेळाचे फायदे’ या विषयावर लिहिण्याऐवजी, सरकारच्या आरोग्य-धोरणाने माणसे मैदानावर येतात तरी कशी, हे अभ्यासावे असे मी ठरविले.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. ‘पुरेशी’ म्हणजे काय, तर आठवड्याला दीडशे मिनिटे! भारतात हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते आणि स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक. व्यायामाचे महत्त्व ठाऊक नाही म्हणून असे घडते, हे मला पटत नाही.

अभ्यासासाठी मी आइसलँड हा देश निवडला. वस्ती चार लाखांहूनही कमी, ऐन हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ४२ टक्के जण मागील महिन्यात दारू पिऊन झिंगलो होतो, असे सांगत. यावर केवळ व्याख्याने देऊन तेथील राज्यकर्ते थांबले नाहीत. मुलांनी रात्री बाहेर राहण्याच्या वेळेवर बंधन आले, पालकांना विश्वासात घेतले गेले आणि खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा वाढला. बर्फातही खेळता यावे म्हणून छपराखालची फुटबॉल मैदाने झाली. प्रशिक्षित, पगारी शिक्षक आले. २००७ पासून रेक्याविकची नगरपालिका सहा ते अठरा वर्षांच्या मुलामागे वर्षाला ठराविक रक्कम देऊ लागली. ही रक्कम रोख हाती पडत नाही, क्लबाच्या फीतच वळती होते. म्हणजे ती घरखर्चात विरघळण्याची भीती नाही!

२०१६ पर्यंत झिंगणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. अर्थात त्या काळात युरोपातील इतरही अनेक देशांत मुलांचे मद्यपान घटले होते. तेव्हा सारे श्रेय खेळाच्या पदरात टाकणे घाईचे होईल.

मला अधिक मोलाची वाटली ती निराळीच गोष्ट. तेथे शाळाशाळांतून मुलांना नियमितपणे प्रश्नावली देतात: काय खेळता, संध्याकाळी कोठे असता, आईवडिलांबरोबर किती वेळ जातो. उत्तरे कपाटात पडून राहत नाहीत. काही महिन्यांतच त्या त्या गावाला आणि शाळेला आपापले निष्कर्ष मिळतात आणि त्यांवरून पुढच्या वर्षीची व्यवस्था ठरते. फीचे पैसे मिळाले असते तरी माझा खेळ टिकला नसता, कारण माझी अडचण एस.टी.ची होती. ती विचारल्याखेरीज कोणाला कळणार?

आमच्या सरावाच्या हजेरीपटात माझ्या नावापुढे काही दिवस ‘गैरहजर’ असे लिहिलेले होते. पुढे नावच गेले. तास साडेतीनला संपतात. पाचपर्यंत मैदान मोकळेच असते.