आधी तापवा, मग भाव करा

गेमिंग लॅपटॉपची रॅम बदलता येते, एसएसडी बदलता येते. बॅटरी, कीबोर्ड, पंखे, सगळं पैसे मोजले की नवं बसतं. ग्राफिक्सची चिप मात्र मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती गेली की बोर्ड गेला, आणि बोर्डाच्या किमतीत कधीकधी दुसरा जुना लॅपटॉप येतो. म्हणून सेकंड हँड मशीन बघायला गेलो की एसएसडी किती जीबीची, हे मी सगळ्यात शेवटी विचारतो.

बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. बजेट साठ हजार, थोडं वरखाली. त्याने पुण्यातच दोन मशीन हेरून ठेवली होती. वाकडचं एका आयटीवाल्याचं : सडपातळ, देखणं, आरटीएक्स ३०७० कार्ड, भाव ६२ हजार. कोथरूडचं एका विद्यार्थ्याचं : जाडजूड, चार्जरसकट पाठ दुखवणारं, आरटीएक्स ३०६०, भाव ५४ हजार. ‘मामा, आठ हजार जास्त घालून ३०७० मिळतंय, सोडायचं कशाला?’ हे त्याने विचारलं तेव्हा त्याचा निर्णय झालेलाच होता.

इथे बहुतेक जण फसतात. दोन्ही कार्डं लॅपटॉपसाठी जानेवारी २०२१मध्ये जाहीर झाली. एनव्हीडियाने ती लॅपटॉप कंपन्यांना देताना विजेची एक मोठी मुभा ठेवली : ३०६०ला ६० ते ११५ वॉट, ३०७०ला ८० ते १२५ वॉट, आणि वर बूस्टचे आणखी थोडे. पातळ लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, म्हणून त्यात कार्ड खालच्या टोकाला बांधून ठेवतात. स्टिकर मात्र दोन्हीकडे तेवढ्याच दिमाखात. पोटभर वीज मिळणारं ३०६० हे ८० वॉटवर अडवलेल्या ३०७०च्या बरोबरीला येतं, काही गेममध्ये पुढेही जातं. हा आकडा लपलेला नसतो. एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते. विकणाऱ्याला फोनवरच तिचा फोटो मागावा. वाकडच्या मशीनला ८० निघाले, कोथरूडच्याला १३०.

तरीही आम्ही वाकडला गेलो, कारण ३०७०मध्ये ८ जीबी व्हीरॅम असते आणि ३०६०मध्ये ६. हा फरक खरा आहे. ब्लेंडर चालवणाऱ्याने, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने किंवा नवे गेम वरच्या सेटिंगवरच खेळायचे असं ठरवलेल्याने तो मोजलाच पाहिजे. भाचा व्हॅलोरंट आणि जीटीए खेळतो, त्याला ६ जीबी पुरून उरते.

फ्लॅटमध्ये एसी चालू होता आणि लॅपटॉप मोड ‘सायलेंट’वर ठेवलेला. मी दोन विनंत्या केल्या : एसी बंद करा आणि मोड ‘परफॉर्मन्स’वर न्या. एसीच्या थंडाव्यात पास झालेलं मशीन एप्रिलच्या पुण्यात, हॉस्टेलच्या पंख्याखाली नापास होतं, हे मालकाला सांगावं लागलं नाही. तो हसला आणि रिमोट उचलला. सायबरपंक २०७७ मी एक्स्टर्नल एसएसडीवर नेला होता. त्यात बेंचमार्कची सोय आहे, तीच पुन्हा पुन्हा चालवायची आणि शेजारी तापमान आणि वॉट दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोची खिडकी उघडी ठेवायची. पहिल्या फेरीला फ्रेम साठीच्या वर होते. पाचव्या फेरीपर्यंत कार्डाचं तापमान ८७ अंशांवर जाऊन चिकटलं, वॉट ८०वरून साठीत उतरले आणि फ्रेम पन्नाशीखाली. डावा पंखा मधूनमधून टिक टिक करत होता. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हतं. मालक खोटं काही बोलला नाही. त्याने त्यावर कोडिंगच केलं असणार. पण आतली थर्मल पेस्ट वाळली होती, आणि पेस्ट बदलूनही ८०चे १३० होणार नव्हते.

असं तापवून बघायला कुणी अर्धा तास देत नसेल तर उठून यावं. ‘चालू होतंय, बघा ना’ एवढ्यावर पैसे देणाऱ्याचं काय होतं ते मी ऑफिसात पाहिलंय. एका मित्राने दुकानातून ‘टॉप कंडिशन’ मशीन पावसाळ्यात उचललं, होळीला स्क्रीनवर रेघा आल्या. रिपेअरवाल्याने रिबॉलिंग सुचवलं, म्हणजे चिप तापवून उचलायची, खालचे कथलाचे मणी नवे लावायचे आणि परत बसवायची. काही आठवडे चाललं, मग पुन्हा काळा पडदा. दुकानाची वॉरंटी तोंडी होती.

कोथरूडचं मशीन दिसायला दणकट, पण वापरलेलं कळत होतं. डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं घासून आरशासारखी चकाकत होती. सेकंड हँड गाडीचं किलोमीटर बघतात तसं इथे एसएसडीचे तास बघावेत. क्रिस्टलडिस्कइन्फो ते दाखवतं. सहा हजारांच्या पुढे निघाले. एसएसडी नवी टाकली असेल तर हा आकडा निरुपयोगी, म्हणून मी मशीन उलटं करून स्क्रूही बघतो. एका स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं. ‘रॅम वाढवायला उघडला होता, सर,’ म्हणत त्या मुलाने रॅमचं बिल काढून दाखवलं. बिल ठेवणाऱ्यावर माझा विश्वास थोडा जास्त बसतो, कबूल. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ८० वॉटतास होती आणि आता भरत होते जेमतेम ४७. टचपॅड सपाट होता. तो वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असं समजावं आणि ते मशीन चार्जिंगलाही लावू नये. बेंचमार्कच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीत मात्र दोन-तीन फ्रेमचा फरक, तापमान ऐंशीच्या आत. पंखे मिक्सरला लाजवतील असे ओरडत होते, ओरडू देत.

मायनिंगचा बागुलबुवा आता फार करू नये. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२मध्येच बंद झालं. त्यात वापरलेलं कार्ड आजवर टिकलं असेल तर तापवून बघताना ते आपली कुंडली स्वतःच सांगतं.

मोबाइलचा आयएमईआय सरकारी पोर्टलवर तपासता येतो, लॅपटॉपला तशी सोय नाही. म्हणून खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर बायोसमधल्या नंबराशी जुळवावा, मूळ बिलाशीही. बायोसला पासवर्ड असेल आणि मालकाला तो ‘आठवत नसेल’, तर ते कंपनीचं किंवा चोरीचं मशीन असू शकतं. चोरीचा माल माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे, आणि माहीत नव्हतं हे पटवून देताना आपल्याकडे कागद हवा. साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम, सीरियल नंबर आणि दोघांच्या सह्या एवढं पुरतं. विंडोज आपल्यासमोर रिसेट करून घ्यावं. पैसे मशीन हातात आल्यावर; ‘टोकन’ म्हणून आधी काही नाही, आणि पैसे येण्यासाठी यूपीआय पिन टाका म्हणणारा तर थेट ब्लॉक.

अगदी स्वस्त जाहिराती दिसतील, सातव्या पिढीच्या आय-७ आणि जीटीएक्स १०७०वाल्या. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही.

कोथरूडच्या मशीनचे बॅटरी रिपोर्ट समोर ठेवून ५४चे ५० झाले. चार्जर मूळचाच, २३० वॉटचा आहे याची खात्री आधीच केली होती. कमी वॉटचा चार्जर लावला की असं मशीन गुपचूप मंदावतं. पेस्ट बदलली, पंख्यातली धूळ काढली. बॅटरी अजून तीच आहे. भाचा प्लगला लावूनच खेळतो, बॅटरीवर कार्ड तसंही अर्ध्या ताकदीने चालतं. बदलायची वेळ येईल तेव्हा ती सर्व्हिस सेंटरमधूनच घेऊ, कारण बाजारातल्या ‘कम्पॅटिबल’ बॅटरीवर छापलेल्या आकड्याचा आतल्या क्षमतेशी फारसा संबंध असेलच असं नाही.