आपला जिल्हा, आपला गाव : ओळख कशी करून घ्यावी?

कृषि पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभव कार्यक्रमांतर्गत काही आठवडे गावात राहावयास येतात. आपण त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतो. हे विद्यार्थी माती परीक्षणासाठी नमुना घेणे, बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, जनावरांचे लसीकरण इत्यादी प्रात्यक्षिके करून दाखवितात. त्यांचे आणखी एक महत्त्वाचे काम असते, ते म्हणजे गावाची पाहणी. ही पाहणी पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या वहीतच राहते आणि गावाला तिचा उपयोग होत नाही. वास्तविक ही पाहणी गावाने स्वतःसाठी करून घ्यावयाची असते. ती कशी करावी व तिच्या आधारे कोणते निर्णय घ्यावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

जिल्ह्याची थोडक्यात ओळख

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर, खुलताबाद, कन्नड, फुलंब्री, सिल्लोड व सोयगाव असे ९ तालुके आहेत. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतांश भाग याच जिल्ह्यात मोडत असे. आजही मोसंबीचा बाजार, सोयरसंबंध व बैलबाजार यांच्या दृष्टीने दोन्ही जिल्ह्यांचा व्यवहार एकच आहे.

जिल्हा एक असला तरी शेती एक नाही. उत्तरेस अजिंठ्याचा डोंगर व दक्षिणेस गोदावरी नदी, यांच्यामध्ये जमीन उतरत जाते. डोंगराच्या पायथ्याशी हलकी, मुरमाड जमीन व मध्ये मध्यम काळी जमीन आढळते, तर गोदाकाठी भारी, खोल काळी जमीन आहे. सोयगाव तालुका घाटाखाली असून तेथील पाणी वाघूर व इतर नद्यांमार्फत तापीला मिळते. उरलेल्या बहुतांश जिल्ह्याचे पाणी गोदावरी खोऱ्यात जाते. पावसाचेही तसेच आहे. वैजापूर व गंगापूर तालुके अवर्षणप्रवण आहेत. डोंगराकडील कन्नड, सिल्लोड व सोयगाव या भागांत पाऊस तुलनेने बरा पडतो.

याचा परिणाम पिकांवर दिसून येतो. सिल्लोड, कन्नड व फुलंब्री भागांत मका मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. सिल्लोडची हिरवी मिरची व कन्नड, फुलंब्री, खुलताबादकडील आले प्रसिद्ध आहे. पैठण तालुक्यात मोसंबीच्या बागा असून पाचोड ही मोसंबीची नावाजलेली बाजारपेठ आहे. वैजापूर, गंगापूरकडे कापूस, बाजरी, मका व कांदा ही पिके प्रामुख्याने दिसतात. दौलताबाद परिसरातील सीताफळ व पेरू शहरातील ग्राहकांच्या परिचयाचे आहेत. म्हणून शेजारच्या तालुक्यात एखादे पीक चांगले आले, एवढ्यावरून ते आपल्याकडे लावणे योग्य होत नाही.

धरण उशाशी, तरीही विहीर कोरडी

पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. डावा कालवा २०८ कि.मी. लांबीचा असून तो जालना, परभणीकडे जातो. उजवा कालवा १३२ कि.मी. लांबीचा असून तो बीडकडे जातो. शहराला व औद्योगिक वसाहतींनाही याच जलाशयातून पाणी दिले जाते. वैजापूर, गंगापूरच्या काही भागाला नांदूर मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी मिळते. ही सोय वगळल्यास जिल्ह्यातील बहुतांश शेती पावसावर, विहिरींवर व लहान-मध्यम तलावांवर अवलंबून आहे.

आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी साठवून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. वरच्या मुरमाच्या व भेगाळलेल्या थरात जेवढे पाणी मुरते, तेवढेच विहिरीला मिळते. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील व जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. १०-१२ वर्षे वाढविलेली बाग एका उन्हाळ्यात सरपण झाली. हे नुकसान केवळ पाऊस कमी पडल्यामुळे झाले असे नाही. गावात किती पाणी आहे व त्यावर किती बाग जगेल, याचा हिशेब न मांडता लागवड वाढत गेली, हेही त्याचे एक कारण होय. गावाची ओळख करून घ्यावयाची ती यासाठी.

पाहणी कोणी व कशी करावी?

विद्यार्थी, ग्रामपंचायत सदस्य, जाणती वडीलधारी मंडळी, बचत गटातील महिला आणि भूमिहीन कुटुंबांचे प्रतिनिधी अशा १५-२० जणांनी मिळून पाहणी करावी. पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. गावाचा नकाशा : चावडीसमोर किंवा मंदिराच्या ओट्यासमोर रांगोळी व रंगीत भुकटी वापरून जमिनीवरच नकाशा काढावा. गावठाण, वाड्या, तांडे, वस्त्या, शाळा, दवाखाना, पाण्याच्या टाक्या, हातपंप व रस्ते दाखवावेत. कागदावर काढलेला नकाशा दोघे-तिघेच पाहतात. जमिनीवरील नकाशा सर्वांना दिसतो व चूक झाल्यास कोणीही ती दुरुस्त करतो. नंतर त्याची प्रत मोठ्या कागदावर उतरवून घ्यावी.

२. शिवारफेरी : गावाच्या सर्वांत उंच माळापासून ओढ्यापर्यंत सरळ चालत जावे. वाटेत जमिनीचा प्रकार, खोली, उतार, पिके, झाडे, बांध व विहिरी यांची नोंद करावी. बरड, मुरमाड, चुनखडीयुक्त, चोपण, भारी काळी असे जे शब्द गावात वापरले जातात, तेच लिहावेत. मोसंबीसाठी सुमारे १ मीटर खोल, पाण्याचा निचरा होणारी व चुनखडीचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असलेली जमीन योग्य असते. अशी जमीन गावात कोणत्या गटांत आहे, हे या फेरीत समजते.

३. कालरेषा : वडीलधाऱ्या मंडळींना विचारून गावातील मोठ्या घटना वर्षवार लिहाव्यात. १९७२ चा दुष्काळ, पहिला विद्युत पंप, पहिली कूपनलिका, पहिली बाग, विहिरी आटलेली वर्षे यांचा त्यात समावेश असावा. पूर्वी विहिरीला किती परसावर पाणी लागे व आज किती खोलीवर लागते, हे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे वेगळे व्याख्यान देण्याची गरज राहत नाही.

४. हंगामी दिनदर्शिका : बारा महिन्यांचे बारा रकाने करून पाऊस, पेरणी, मजुरी, चारा, पिण्याचे पाणी, आजार व कर्जाची गरज यांच्या नोंदी कराव्यात. चारा व रोख रक्कम यांची टंचाई कोणत्या महिन्यांत एकदम येते, हे त्यावरून दिसते.

५. कागदोपत्री माहिती : सातबारा व ८-अ उताऱ्यांवरून क्षेत्राची माहिती मिळते. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. तिच्या नोंदी प्रत्यक्ष पिकांशी जुळतात का, ते पाहावे. विमा व नुकसान भरपाईच्या वेळी चुकीच्या नोंदीचा फटका शेतकऱ्यालाच बसतो.

गाव म्हणजे केवळ जमीन नव्हे

गावात किती हेक्टर कापूस आहे हे सर्वजण सांगतात, परंतु किती कुटुंबांकडे जमीनच नाही, हे चटकन कोणी सांगत नाही. कन्नड, सोयगाव, सिल्लोड भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. डोंगराकडे भिल्ल व इतर आदिवासी कुटुंबे राहतात. काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळे हिवाळ्यात पाहणी केल्यास ती घरे बंद आढळतात व त्यांची नोंदच होत नाही. धनगर बांधवांच्या मेंढ्या कोणत्या महिन्यात कोणाच्या शेतात बसतात, गायरान कोण कसतो, खंडाने व बटाईने शेती करणारे किती, हेही लिहिले पाहिजे. शहरालगतच्या वाळूज, शेंद्रा, बिडकीन भागांत औद्योगिक वसाहतींमुळे जमिनीचा व मजुरीचा प्रश्न निराळाच आहे. तेथील तरुण कारखान्यात जातात व शेतीचा भार घरातील महिलांवर व वृद्धांवर पडतो.

महिलांची बैठक वेगळी घ्यावी. निंदणी, वेचणी, दूध काढणे व पाणी आणणे ही कामे बहुतांशी त्याच करतात. विहीर कोणत्या आठवड्यात आटते, हे पंप सुरू करणाऱ्यापेक्षा हंडा भरणारीला आधी कळते.

पाण्याचा ताळेबंद : एक उदाहरण

पाहणीचा सर्वांत मोठा उपयोग पाण्याच्या हिशेबासाठी होतो. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर (१०,००० लिटर) पाणी मिळते, हे सूत्र लक्षात ठेवावे.

समजा, गावाचे क्षेत्र ६०० हेक्टर आहे व वर्षाचा पाऊस ६०० मि.मी. आहे. एकूण पाणी ३६ लाख घनमीटर झाले. त्यातील बरेचसे पाणी पिके वापरतात, काहीची वाफ होते व काही वाहून जाते. जमिनीत साधारण १० टक्के मुरते असे धरल्यास ३ लाख ६० हजार घनमीटर होतात. यापैकी काही पाणी ओढ्यात झिरपून जाते, म्हणून उपशासाठी तीन चतुर्थांश, म्हणजे २ लाख ७० हजार घनमीटर धरावे.

आता गरज पाहू. २,००० लोकसंख्येला दरडोई रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर व ८०० जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे सुमारे १५,००० घनमीटर पाणी लागते. हे ५५,००० घनमीटर आधी बाजूला काढावे. शेतीसाठी २ लाख १५ हजार घनमीटर उरतात.

६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ मोसंबीची झाडे बसतात. ठिबकावर पावसाळा वगळता ८ महिने प्रत्येक झाडास सरासरी ६० लिटर रोज दिल्यास हेक्टरी सुमारे ४,००० घनमीटर पाणी लागते. याचा अर्थ चांगल्या वर्षी या गावात सुमारे ५३ हेक्टर बाग जगेल. परंतु पाऊस ४०० मि.मी. झाला, तर त्याच हिशेबाने शेतीला १ लाख २५ हजार घनमीटर पाणी उरते व ३१ हेक्टरच बाग जगते. अशा गावात १०० हेक्टर बाग उभी असेल, तर दुष्काळात कोणाची तरी बाग जळणार हे निश्चित. ज्याची कूपनलिका खोल, त्याची बाग थोडे दिवस अधिक टिकेल, इतकाच फरक.

म्हणून बागेचे क्षेत्र कमी पावसाच्या वर्षावरून ठरवावे. वरील गावात ३१ हेक्टर बाग धरली, तर चांगल्या वर्षी ९०,००० घनमीटर पाणी जादा राहते. ते हरभऱ्यास दोन पाणी (हेक्टरी सुमारे १,५०० घनमीटर) देण्यासाठी वापरल्यास ६० हेक्टर भिजते. गव्हाला (हेक्टरी सुमारे ४,००० घनमीटर) दिल्यास २२ हेक्टरच भिजते. हे पाणी हंगामी पिकालाच द्यावे, नवीन बागेला देऊ नये. ज्यांच्याकडे बाग आहे, पण उन्हाळ्यात पाण्याची खात्री नाही, त्यांनी आंबिया बहाराऐवजी मृग बहार धरण्याचा विचार करावा, कारण आंबिया बहाराची फळे ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे क्षेत्र, पाऊस, लोकसंख्या व जनावरे घालून हिशेब पुन्हा मांडावा. गावातील ८-१० विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोरीने मोजावी व हिशेब प्रत्यक्षाशी ताडून पाहावा.

पाहणीनंतर काय करावे?

• नकाशा, कालरेषा व पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायत कार्यालयाच्या भिंतीवर लावावा.
• २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीचे नियोजन मांडावे व पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी राखून ठेवण्याचा ठराव घ्यावा.
• हलक्या जमिनीत बाजरी, तूर यांसारखी पिके घ्यावीत. विद्यापीठाच्या बदनापूर येथील केंद्राने बीडीएन ७११ हा लवकर येणारा तुरीचा वाण दिला आहे. छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय कृषि संशोधन प्रकल्पाने एएचबी १२०० व एएचबी १२६९ हे लोहाचे प्रमाण अधिक असलेले बाजरीचे संकरित वाण दिले आहेत.
• माथ्यापासून पायथ्यापर्यंत या क्रमाने बांधबंदिस्ती व नाला उपचार करावेत. माथा सोडून फक्त ओढा खोल केल्यास तो गाळाने भरतो.
• अडचण आल्यास पैठण रोडवरील किंवा गांधेली येथील कृषि विज्ञान केंद्र, फळबागेसाठी हिमायतबाग येथील फळ संशोधन केंद्र व पाणी व्यवस्थापनासाठी कांचनवाडी येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) यांच्याशी संपर्क साधावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, कृषिदूत एका हंगामासाठी येतात व परीक्षा देऊन निघून जातात. त्यांनी भरलेल्या पाहणी अर्जाची एक प्रत जाण्यापूर्वी गावाकडे मागून घ्या. पुढील वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांना तीच प्रत दाखवा व बदललेले आकडे त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. पाच-सहा वर्षांत गावाजवळ स्वतःची अशी माहितीची वही तयार होईल. नवीन बागेसाठी खड्डे घेण्यापूर्वी ती वही उघडून पाहावी. आपल्या विहिरीबरोबरच शेजाऱ्याच्या विहिरीचाही विचार करून लागवड केल्यास पुढील दुष्काळात गावातील बागा व गावाचे पिण्याचे पाणी दोन्ही टिकून राहतील.