पाणी मोजणारी मुले

निवासी शाळा मुलांना पुष्कळ काही देते. परंतु तिच्यामुळे एक शिक्षण नकळत मागे राहते. कोणती विहीर उन्हाळ्यात आधी आटते, कोणता ओढा कधी फुगतो, कोणत्या शेताला पाझर आहे, हे गावातले मूल आजोबांबरोबर शेतावर जाता-येता शिकते. वसतिगृहातील मुलाची गावाशी गाठ सुट्टीपुरतीच पडते. ते शिकून परतते, तेव्हा गावाची जमीन आणि पाणी त्याला परके झालेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक निवासी शाळेला निसर्ग-मार्गदर्शकाची आवश्यकता आहे.

मार्गदर्शक म्हणजे व्याख्याता नव्हे. मुलांबरोबर चालणारा, त्यांना पाहायला आणि नोंद ठेवायला लावणारा तो वडीलधारा असतो. त्याच्याजवळ पदवी असलीच पाहिजे असे नाही. विहीर खोदलेले आजोबा किंवा पेरणीसाठी बी राखून ठेवणारी आजी हे कामही उत्तम करू शकतील.

आरंभ पावसापासून करावा. सपाट तळाचे, सरळ उभ्या बाजूंचे भांडे झाडे-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवावे. रोज सकाळी साडेआठला साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. यावरून शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होत असेल, तर त्यावर १,००,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ८०,००० लिटर उरते. पुरेशी टाकी असल्यास १०० मुलांना रोज प्रत्येकी ४ लिटर पिण्याचे पाणी २०० दिवस मिळेल. हे गणित पुस्तकातले राहत नाही. मुले मान वर करून छपराकडे पाहू लागतात.

पुढचा धडा विहिरीचा. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दरमहा मोजावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती आल्या, की पाऊस आणि भूजल यांचा संबंध मुलांना स्वतःच उमगतो.

या सवयीतून गाव कसे सावरते, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर पर्जन्यछायेतील या गावाने श्रमदान, समतल चर, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांच्या आधारे डोंगर व पाणी राखले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाव पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. उपलब्ध पाणी पाहून पिके ठरतात. सिंचनासाठी कूपनलिकांना बंदी आहे. ऊस आणि केळी वर्ज्य आहेत. असे निर्णय ग्रामसभेत टिकतात, कारण त्यांचा आधार सर्वांसमोर ठेवलेले आकडे असतात. न मोजलेले पाणी मात्र ज्याचा पंप मोठा, त्याच्याकडे जाते.

आणि येथेच आपल्या समाजाला या विषयाचे विशेष मोल आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळ्यात पाणी नव्हते असे नाही. ते सर्वांचे नव्हते. तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून येण्यास १९३७ साल उजाडले. म्हणून संकटात टिकणारा समाज केवळ साठ्यावर उभा राहत नाही. न्याय्य वाटणी हा त्याचा दुसरा पाय आहे. टँकर आला तर शेवटच्या वस्तीला किती हंडे मिळाले, हेही मुलांच्या वहीत नोंदले गेले पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार शाळेला द्यावा. पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलांना आपल्या विहिरीवर, बांधावर न्यावे आणि ठाऊक आहे ते मोकळेपणाने सांगावे. आपल्याला अक्षरओळख नाही म्हणून कोणी संकोच करू नये. जमिनीची ओळख हीदेखील विद्याच आहे. शाळेने या नोंदींची वही जपून पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. आज आठवीत पाऊस मोजणारी मुलगी उद्या ग्रामसभेत उभी राहील, तेव्हा तिच्याजवळ तक्रारीबरोबर पुरावाही असेल.