खेळाडू कुणाचा, हे ठरवतं कोण?

प्रश्न : परवा आमच्या कट्ट्यावर मोठा वाद झाला. सौरभ नेत्रावळकर मुंबईत जन्मला, मुंबईकडून रणजी खेळला आणि विश्वचषकात विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं ते अमेरिकेकडून! मग शाहू स्टेडियमवर आमच्या तालमींकडून जी आफ्रिकन पोरं खेळतात, त्यांना भारताच्या फुटबॉल संघात का घेत नाहीत? खेळाडू कुठल्या देशाचा हे नेमकं कोण ठरवतं? जन्म, पासपोर्ट की सरकार? मल्ल खाशाबा जाधवांच्या नावाआधी दरवेळी ‘स्वतंत्र भारताचे’ असं का लिहितात? आणि शेवटचं : फुटबॉलचा विश्वचषक आला की निम्मी पेठ ब्राझीलची होते, निम्मी अर्जेंटिनाची. वडीलधारे चिडतात. त्यांना काय सांगू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : एका पोस्टकार्डावर चार प्रश्न बसवलेत, पण गाठ एकच आहे. ती सुटली की बाकीचं आपोआप मोकळं होईल.

लष्कर किंवा टपाल खातं जसं देशाचं, तसाच भारताचा संघही देशाचा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय सामने देशादेशांत होत नाहीत, संघटनांमध्ये होतात. प्रत्येक खेळाची एक जागतिक संघटना असते. ती प्रत्येक ठिकाणच्या एका संघटनेला सभासद करून घेते आणि त्या सभासद संघटनेने निवडलेली माणसं त्या देशाच्या नावाने मैदानात उतरतात. सरकार पैसे देतं, मैदानं देतं, परवानग्या देतं किंवा अडवतं. संघ मात्र सरकारचा नसतो.

खोटं वाटत असेल तर आपल्या क्रिकेट मंडळाचंच बघा. ही कायद्याने एक नोंदणीकृत संस्था आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मंडळाने स्वतःच सांगितलं होतं की हा संघ मंडळाचा आहे, भारताचा अधिकृत संघ नव्हे. ते ऐकून लोक बरेच दुखावले. पुढच्या वर्षी न्यायालयानेही बहुमताने म्हटलं की राज्यघटनेच्या अर्थाने मंडळ म्हणजे ‘राज्य’ नाही. म्हणून या संघाला ‘टीम इंडिया’ म्हणू नका, अशी मागणी करणारी याचिका २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली आणि नाव राहिलं. ते ठीकच झालं. नाव लोकांनी दिलेलं आहे, ते कायद्याच्या कलमाने पुसलं जाणार नाही.

हे एकदा लक्षात आलं की शाळेत असल्यापासूनची एक शंकाही फिटते. नकाशात ‘वेस्ट इंडीज’ नावाचा देश कुठे आहे? कुठेच नाही. कॅरिबियन समुद्रातल्या अनेक देशांनी आणि बेटांनी मिळून क्रिकेटचं एक मंडळ केलं, तोच त्यांचा संघ. तीच मंडळी ऑलिंपिकला जातात तेव्हा जमैका वेगळा, बार्बाडोस वेगळा. उसेन बोल्ट धावला तो जमैकासाठी. उलट ब्रिटन ऑलिंपिकमध्ये एक असतो, पण फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड अशा चार चुली. कारण साधं आहे. या संघटना जागतिक संघटनेच्या आधी जन्मल्या. इंग्लंड-स्कॉटलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७२ चा, फिफा १९०४ ची. आधी येऊन बसलेल्याला कोण उठवणार? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मान्यताप्राप्त ऑलिंपिक समित्या होत्या २०६, तर संयुक्त राष्ट्रांचे सभासद देश १९३. हाँगकाँग आणि पोर्टो रिको स्वतंत्र देश नसूनही स्वतःच्या नावाने खेळतात. तैवान खेळतो, पण ‘चायनीज तैपेई’ या नावाने.

कुस्तीच्या गावाला मात्र कुस्तीचाच दाखला द्यायला हवा, आणि तो अगदी अलीकडचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने निवडणुका वेळेत घेतल्या नाहीत म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने त्याला निलंबित केलं. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला जागतिक स्पर्धा होती. आपले मल्ल गेले, लढले. हरियाणाच्या अंतिम पंघालने ५३ किलो गटात कांस्य मिळवलं. पण ती तिरंगा घेऊन उतरली नव्हती, जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली उतरली होती. त्यानंतर काही दिवसांतच हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे नोंदणी भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या हातून होते, आणि ती संघटना निलंबित नव्हती. तिथे अंतिम तिरंग्याखाली लढली आणि पुन्हा त्याच वजनात कांस्य. मुलगी तीच, वजन तेच, पदक त्याच रंगाचं, आणि झेंडे दोन! त्या दोन-तीन आठवड्यांत भारत देशाला काहीच झालं नव्हतं. एका कचेरीचं सभासदत्व तेवढं थांबलं होतं. २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही असंच झालं होतं. ऑलिंपिक संघटना निलंबित असल्याने उद्घाटनाच्या संचलनात आपले खेळाडू ऑलिंपिकच्या पांढऱ्या झेंड्यामागून चालले. स्पर्धा चालू असतानाच निलंबन उठलं, तेव्हा कुठे तिरंगा चढला.

आता नेत्रावळकर. संघ संघटनेचा म्हटल्यावर त्यात कोण बसतो हेही संघटनांचे नियमच ठरवतात, आणि दर खेळाचा उंबरठा वेगळा. क्रिकेटचा उंबरठा बराच खाली आहे. त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व किंवा तिथे सलग तीन वर्षांचा निवास, यातलं एक पुरतं. नेत्रावळकर २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, २०१५ मध्ये संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि निवासाच्या वाटेने अमेरिकेच्या संघात आला. जून २०२४ मध्ये आधी पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून अमेरिकेला जिंकून दिलं आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कला कोहली आणि रोहित शर्मा दोघांना बाद केलं. (सामना आपणच जिंकला, हे कट्ट्यावर सांगायला विसरू नका.) एजाज पटेलचंही तसंच. मुंबईत जन्म, आठव्या वर्षी घरच्यांबरोबर न्यूझीलंडला प्रस्थान, आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर भारताच्या एका डावातले दहाच्या दहा बळी. वानखेडेने उभं राहून टाळ्या वाजवल्या, पण धावफलकावर त्याच्या नावापुढे न्यूझीलंडच होतं.

फुटबॉलचा उंबरठा उंच आहे. तिथे निवास एकटा चालत नाही, आधी नागरिकत्व हवं. नागरिकत्व नव्याने घेतलेलं असेल तर त्या देशाशी खरं नातंही दाखवावं लागतं : तिथला जन्म, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी तिथला जन्म, किंवा काही वर्षांचा वास. पण ज्या देशांचा कायदा दोन नागरिकत्वं चालवून घेतो, त्यांना याचा मोठा फायदा होतो. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. स्पेनला घरी पाठवणारी शेवटची पेनल्टी मारली अश्रफ हकिमीने, आणि त्याचा जन्म माद्रिदचा!

भारतात हा रस्ता बंद आहे, आणि तो फिफाने बंद केलेला नाही. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा हे सरकारचं २००८ पासूनचं धोरण. म्हणजे गडहिंग्लजहून न्यू जर्सीला गेलेल्या आईबापांचा तिथे जन्मलेला मुलगा, घरात मराठी बोलणारा, तांबडा-पांढरा ओरपणारा, खिशात परदेशस्थ नागरिकाचं ओसीआय कार्ड बाळगणारा, तरीही भारताच्या फुटबॉल संघासाठी परकाच. मला विचाराल तर हे धोरण थोडं जास्तच कडक आहे. पण नियम आहे तो आहे. तो ओलांडायचा तर पहिलं नागरिकत्व सोडावं लागतं. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने ते केलं. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय घेतलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून उतरला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सनेही तोच निर्णय घेतला.

तुमच्या शाहू स्टेडियमवरच्या पोरांचं उत्तर यातच आलं. तालमीचा संघ हा क्लब. त्याला करार, नोंदणी आणि परवानगी पुरते. भारताच्या संघासाठी त्यांना भारतीय नागरिक व्हावं लागेल, आणि आपल्या कायद्याप्रमाणे त्याला साधारणपणे बारा वर्षांचा वास हवा, शिवाय स्वतःच्या देशाचं नागरिकत्व सोडण्याची तयारी. वीस वर्षांच्या पोराने आज सुरुवात केली तर कागद हातात येईपर्यंत त्याचे गुडघे बोलायला लागलेले असतील.

आता खाशाबा. ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते’ या लांबलचक ओळीतला एकही शब्द शोभेचा नाही. ‘वैयक्तिक’ अशासाठी की हॉकीच्या संघाने १९४८ मध्येच लंडनला सुवर्ण घेतलं होतं. आणि ‘स्वतंत्र’ अशासाठी की १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड या कोलकात्यात जन्मलेल्या इंग्रजाने धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते. जागतिक ॲथलेटिक्स संघटना ती ब्रिटनची मानते. दोन संघटना, दोन वह्या! आपण ‘स्वतंत्र’ हा शब्द घालून त्या भांडणातून अलगद बाजूला होतो.

मग पारतंत्र्यात भारत ऑलिंपिकला गेला कसा? पुन्हा तीच गाठ. देश स्वतंत्र हवा अशी अटच नव्हती, मान्य असलेली संघटना हवी होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा पहिला छोटा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि कुमार नवले कुस्ती लढले. भारतीय ऑलिंपिक संघटना झाली १९२७ मध्ये. म्हणजे खेळातला ‘भारत’ राजकीय स्वातंत्र्याच्या वीस वर्षं आधी वहीत नोंदला गेला होता. फाळणीने या वहीचीही दोन पानं केली. १९३६ ला भारताकडून हॉकीचं सुवर्ण जिंकलेले अली दारा १९४८ ला पाकिस्तानचे कर्णधार होते.

त्याच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची एक गंमत खास कोल्हापूरकरांसाठी. खाशाबा मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण घडले कोल्हापूरच्या लाल मातीत आणि राजाराम कॉलेजात. लंडनच्या प्रवासाला पैसा दिला कोल्हापूरच्या महाराजांनी. संस्थान तेव्हा मुंबई प्रांतात विलीनही झालं नव्हतं. ते झालं १ मार्च १९४९ ला. पैसा कुणाचा यावर देश ठरत असता तर खाशाबा लंडनला कोल्हापूर संस्थानचे मल्ल म्हणून उतरले असते! पण संस्थानाची ऑलिंपिक संघटना नव्हती, भारताची होती. मॅटची सवय नसतानाही ते तिथे सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला महाराजांच्या जागी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर उभे राहिले. स्वतःचं घर गहाण टाकून त्यांनी सात हजार रुपये उभे केले. कांस्य मात्र नोंदलं गेलं भारताच्या खात्यात. इथल्या मातीतून पुढचं वैयक्तिक पदक यायला ७२ वर्षं लागली : कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, पॅरिस, २०२४.

राहता राहिले तुमचे वडीलधारे. त्यांचं ऐकून घ्या, पण एवढं सांगा की खेळाडूला उंबरठा असतो, प्रेक्षकाला नसतो. मेस्सीचा तीस फुटी कटआउट लावणाऱ्याला कुठलीही संघटना कागद मागत नाही. (महापालिका मागू शकते, आणि विजेच्या तारांपासून तो लांब लावा.) शिवाय विश्वचषकात भारत नसताना भारताचा झेंडा कुणाच्या सामन्याला लावायचा? १९५० मध्ये संधी होती. गटातले बाकीचे संघ हटले म्हणून भारताला ब्राझीलचं दार उघडलं होतं. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट वडीलधारे सांगतील. ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. ब्राझील प्रवासखर्चातला मोठा वाटा उचलायला तयार होता. आपल्या महासंघाला तेव्हा ऑलिंपिकपुढे विश्वचषक महत्त्वाचा वाटला नाही, एवढंच.

आणि अगदीच ऐकेनात तर त्यांना २०१७ ची आठवण द्या. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतातच झाला, यजमान म्हणून भारत त्यात खेळला आणि आघाडीच्या फळीत आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या महिन्यात झेंडा कुठला लावायचा यावर तुमच्या कट्ट्यावर वाद झाला असेल, असं मला वाटत नाही.