वायरींच्या गुंत्यात वाजवतं कोण?

प्रश्न : सुझान चियानी आणि केटलिन ऑरेलिया स्मिथ या दोन अमेरिकन बायकांच्या वादनाचा व्हिडिओ मुलाने दाखवला. समोर दिव्यांच्या पेट्या, रंगीत वायरींचं जंजाळ, पियानोच्या पट्ट्यांचा पत्ता नाही. मुलगा म्हणतो, हे सगळं उत्स्फूर्त आहे. मला तर यंत्रच वाजत होतं असं वाटलं. मग या दोघी नेमकं काय करत होत्या? ही जुगलबंदी म्हणायची का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पेटीवरच्या खुंटीवरून हात काढला तरी स्वर चालूच राहतात, मग याला वादन कसं म्हणायचं, असं कुणालाही वाटेल. या शंकेचं उत्तर वायरींमध्येच आहे, तेव्हा आधी त्या सोडवू.

या वायरी वीजपुरवठ्याच्या नाहीत. पुरवठा पेटीच्या मागून होतो. नेहमीच्या सिंथेसायझरमध्ये नाद निर्माण करणारा ऑसिलेटर, त्यातला हवा तेवढाच भाग पुढे जाऊ देणारा फिल्टर आणि आवाज लहानमोठा करणारा ॲम्प्लिफायर कारखान्यातूनच आतल्या आत जोडून येतात. आपण फक्त पट्टी दाबायची. तुम्ही पाहिलेल्या मॉड्युलर प्रकारात यातला प्रत्येक भाग सुटा असतो आणि कशाला काय जोडायचं हे वादक ठरवतो. त्या सुट्या भागाला मॉड्यूल म्हणतात आणि वायरींनी केलेल्या जोडणीला पॅच.

या वायरींमधून व्होल्टेज फिरतं. बऱ्याच यंत्रांमध्ये हिशेब असा असतो, की एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. ऑसिलेटर सेकंदाला 220 कंपनं देत असेल तर एका जादा व्होल्टने 440, आणखी एका व्होल्टने 880. हा व्होल्ट बोटाने द्यायचा की दुसऱ्या मॉड्यूलकडून घ्यायचा, याचं यंत्राला सोयरसुतक नसतं. सीक्वेन्सर नावाचं मॉड्यूल नेमकं हेच करतं. खुंट्यांवर आधी लावून ठेवलेले व्होल्ट ते एकामागून एक सोडत राहतं आणि ऐकणाऱ्याला स्वरांची ओळ ऐकू येते.

खरी गंमत पुढेच आहे. एका ऑसिलेटरचा स्वर दुसऱ्या ऑसिलेटरने हलवायचा. दुसरा सेकंदाला पाच-सहा वेळा हलत असेल तर पहिल्याचा स्वर थरथरतो, गायकाच्या आवाजात कंप येतो तसा. आता दुसऱ्याची खुंटी हळूहळू पिळत जायची. थरथर वाढत जाते, मग वेगळी कळेनाशी होते, आणि सेकंदाला शंभर-दोनशेपर्यंत गेलं की स्वराचा पोतच पालटतो. जिथे कंप होता तिथे घणघणाट किंवा खरखर येते. वायर तीच, मॉड्यूलं तीच, फिरली ती एकच खुंटी. तुम्ही पाहिलेल्या दोघी हलक्या हाताने एखादीच खुंटी फिरवत असतील, तर त्या बहुधा अशाच एखाद्या वळणावर होत्या.

आता ‘यंत्रच वाजतं’ या आक्षेपाकडे येऊ. तो अर्धा खरा आहे. सीक्वेन्सर लावून तुम्ही चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत तीच ओळ इमानेइतबारे चालू असेल. म्हणजे स्वर काढायचं काम यंत्राकडे आहे, हे मान्यच करायला हवं. वादकाकडे उरतात ते निर्णय : ही ओळ किती वेळ चालू द्यायची, तिचा वेग कधी मोडायचा, कोणती वायर उपटून कुठे खोचायची. उत्स्फूर्तता असते ती या निर्णयांत.

उत्स्फूर्त म्हणजे कोऱ्या पाटीवरून सुरुवात, हा आणखी एक गैरसमज. चियानी तरुणपणी डॉन बुकला या यंत्रकर्त्याच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होत्या आणि त्याचंच यंत्र त्यांनी आपलं वाद्य मानलं. (कोका-कोलाची बाटली उघडून ओतल्याचा जाहिरातींतला आवाजही त्यांनी त्याच यंत्रावर बनवला होता.) मधली कित्येक वर्षं त्या पियानोकडे वळलेल्या होत्या. पुन्हा बुकलाकडे आल्यावर त्यांनी स्वरांच्या ओळी वापरल्या त्या 1970च्या दशकातल्या आपल्या जुन्याच. साहित्य ठरलेलं, पण त्या दिवशी ते कोणत्या वाटेने जाईल हे आधी ठरलेलं नाही. हे राग ऐकणाऱ्या आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

दोघी एकत्र आल्या की मात्र प्रकरण अवघड होतं. चियानी आणि स्मिथ कॅलिफोर्नियात बोलिनास या समुद्रकाठच्या गावात राहत होत्या. त्यांनी मिळून केलेला ‘सनर्जी’ हा आल्बम 2016 साली आला, दोघींकडे यंत्रं बुकलाचीच. अशा जोडीपुढे पहिला प्रश्न लयीचा असतो. एकीच्या यंत्राचा ठोका वायरीने दुसरीच्या यंत्राला दिला तर दोन्ही सीक्वेन्सर एका लयीत चालतात. नाही दिला तर दोन लयी एकमेकींवरून सरकत राहतात, आणि तेही कधीकधी मुद्दाम केलेलं असतं. दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. एकाच जातीची यंत्रं असली की वादकाला स्वतःलाच कळत नाही, की हा आवाज माझा की तिचा! मग आपला आवाज क्षणभर खाली करून खात्री करून घ्यायची. बाकी समजूत साधी : एकीने खालचे स्वर धरले की दुसरीने वर राहायचं, एकीने गर्दी केली की दुसरीने जागा सोडायची.

म्हणून जुगलबंदी म्हणायला माझी हरकत नाही, पण एक फरक लक्षात ठेवा. सतारीच्या तानेला सरोद लगेच उत्तर देतो. इथे नवा पॅच लावायलाच अर्धं मिनिट जातं, तोवर समोरची पुढे निघून गेलेली असते. त्यामुळे उत्तर आत्ताच्या स्वराला न देता, थोड्या वेळाने तिथे काय असेल याचा अंदाज घेऊन द्यावं लागतं. हे संगीत संथपणे उलगडतं त्याचं एक कारण हे आहे. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ जोड्यांचा अंदाज चुकतो. दोघे आपापल्या वायरींत दंग, आणि श्रोते घड्याळाकडे बघताहेत, असंही होतं.

हे अलीकडचं खूळ आहे असं मात्र समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोतल्या टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉटनिक आणि रामोन सेंडर यांनी 1960च्या दशकात बुकलाकडून पहिलं यंत्र बनवून घेतलं. त्याच सुमारास तिकडे न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आपलं यंत्र बनवत होते. आणि 1969 मध्ये मूगचं मॉड्युलर थेट अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये येऊन दाखल झालं. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते तिथे बसवलं आणि गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर काम केलं. त्या ध्वनिफिती 2023 मध्ये प्रसिद्धही झाल्या. मुंबईच्या चरणजित सिंगांचा 1982चा डिस्को-रागांचा आल्बम काही जण याच पंगतीत बसवतात. सिंथेसायझर तिथेही आहे, पण मॉड्युलर नाही.

उत्स्फूर्ततेबद्दल एक राहिलंच. कालचं वादन आज जसंच्या तसं होईल का? जवळजवळ अशक्य. वायरींचा फोटो काढून ठेवता येतो, पण प्रत्येक खुंटी केसभर वेगळी लागते, आणि ॲनालॉग ऑसिलेटर खोलीच्या तापमानाप्रमाणे सुरातून सरकतात. काही नव्या मॉड्यूलांत मांडणी साठवायची सोय असते, पण उपटलेली वायर ती परत लावून देत नाही.

मुलाने यंत्रासाठी हट्ट धरला तर आधी सांभाळून. एकेका मॉड्यूलला हजारो रुपये पडतात आणि एकावर कुणाचं भागत नाही. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळतं. त्यात हीच मॉड्यूलं पडद्यावर मांडून वायरी जोडता येतात. त्याला वरचा दोन ऑसिलेटरचा प्रयोग करायला सांगा. फक्त हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवायला सांगा, खरखर एकदम अंगावर येते.