परदेशी मोबाईल : घ्यावा की न घ्यावा?

आखातातून किंवा अमेरिकेतून गावी येणाऱ्या मुलाला "येताना एक फोन आण" असा निरोप आपण सहज धाडतो. काजूचे वा उसाचे पैसे त्यात घालण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहू या.

फायदे : काही देशांत तोच फोन स्वस्त पडतो. इकडे न येणारे नमुनेही तिथे मिळतात.

तोटे : (१) पुष्कळ कंपन्यांची हमी खरेदीच्या देशापुरतीच असते; बिघाड झाल्यास खर्च आपला. (२) अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ला (२०२२) सिमकार्डाची खाचच नाही. ई-सिम घ्यावे लागते. (३) देशोदेशीच्या लहरी वेगळ्या. आपल्याकडे ७०० मेगाहर्ट्झची ५जी लहर लांबवर पोहोचते. आपल्या लहरी न पकडणारा फोन मळ्यात मुका राहतो, आणि रात्री डॉक्टरांना बोलावताना हे कळून उपयोग नाही.

म्हणून आधी नमुना क्रमांक मागवून लहरी तपासून घ्याव्यात. वापरलेला फोन असेल तर *#०६# दाबून १५ आकडी क्रमांक पाहावा. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे व तो क्रमांक १४४२२वर पाठवावा. काळ्या यादीतला असल्यास तसे उत्तर येते. पावती जपावी.

किमतीतला फरक थोडाच असेल तर इथलाच फोन घ्यावा, असे आम्ही सुचवतो.