इंग्रजी विशेषणांचा क्रम आणि ‘जुना जालना’

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, तर दुसऱ्या तीरावर नवा जालना आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि हे शहर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. येथील एखाद्या शाळेविषयी इंग्रजीत पत्र लिहिताना ‘जुना’ हे विशेषण कोठे ठेवावे, हा प्रश्न केवळ व्याकरणापुरता राहत नाही.

‘जुन्या जालन्यातील शाळा’ आणि ‘जालन्यातील जुनी शाळा’ यांत मराठी वाचकाची गल्लत होत नाही. पहिल्या रचनेत ‘जुन्या’ हे सामान्यरूप जालन्याशी जोडले जाते, तर दुसरीत ‘जुनी’ हे स्त्रीलिंगी रूप शाळेशी जुळते. इंग्रजी विशेषणास लिंगवचनाचा विकार नाही. त्यामुळे तेथे अर्थाचा भार मुख्यतः शब्दांच्या स्थानावर पडतो.

इंग्रजीतील सर्वसाधारण क्रम असा आहे : संख्या, अभिप्राय, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ स्थान, द्रव्य, प्रयोजन आणि शेवटी नाम. बोलणाऱ्याचे मत नामापासून दूर असते आणि वस्तूचा अंगभूत गुण नामाच्या जवळ येतो. ‘टू लार्ज ओल्ड ब्लॅक स्टोन वॉल्स’ आणि ‘दोन मोठ्या जुन्या काळ्या दगडी भिंती’ यांचा क्रम एकच आहे. म्हणून शिक्षकांनी पाठांतरापूर्वी मराठी उदाहरणे फळ्यावर लिहिल्यास हा नियम मुलांना परका वाटणार नाही.

मात्र एका ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. ‘शाळेची जुनी दगडी इमारत’ या रचनेत ‘शाळेची’ हा शब्द आरंभी येतो. इंग्रजीत प्रयोजनवाचक शब्द नामालगत बसून ‘ओल्ड स्टोन स्कूल बिल्डिंग’ असे होते. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केल्यास येथेच चूक घडते.

आता ‘ओल्ड जालना स्कूल’ ही रचना पाहावी. जुन्या जालन्यातील शाळा की जालन्याची जुनी शाळा? रोमन लिपीतील मोठ्या आद्याक्षरामुळे ‘ओल्ड’ हा विशेषनामाचा भाग असल्याचे एरवी सूचित होते. परंतु संपूर्ण शीर्षक मोठ्या अक्षरांत टंकित केले की ती खूणही नाहीशी होते. दुरुस्तीच्या प्रस्तावात अशी संदिग्धता राहिल्यास मंजुरी एका इमारतीची आणि पाहणी दुसरीची, असा प्रसंग उद्भवू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. ‘द स्कूल इन ओल्ड जालना’ किंवा ‘द ओल्ड स्कूल इन जालना’ असे स्पष्ट लिहावे. पंचायत सदस्यांनीही ठरावाचे इंग्रजी भाषांतर पाठविण्यापूर्वी प्रत्येक विशेषण कोणत्या नामाचे आहे, हे तपासून घ्यावे. एका शब्दाची जागा नेमकी असली, तर पुढील पत्रव्यवहार आणि कालापव्यय दोन्ही टळतात.